दोन डायलिसिसमधले दिवस

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाचे कॅलेंडर इतरांपेक्षा वेगळे असते. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार हे तीन वार त्यातून आधीच वजा झालेले असतात. प्रत्येक वेळी चार तास यंत्रावर, त्याआधी-नंतरचा प्रवास आणि घरी आल्यावर अंगात भरून राहणारा थकवा धरला, तर तो दिवस संपलाच म्हणायचा. उरलेल्या चार दिवसांत नोकरी, बाजारहाट, नातवंडांचे स्नेहसंमेलन आणि जमलेच तर दोन दिवसांची सहल बसवावी लागते. डायलिसिस सुरू झाले, की घरातील मंडळी बहुधा पहिली बंदी प्रवासावर घालतात. वैद्यकशास्त्राने अशी सरसकट बंदी घातलेली नाही. प्रकृती स्थिर असलेला रुग्ण प्रवास करू शकतो. मात्र त्याला हिशेब पक्का ठेवावा लागतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक पुन्हा शरीराला परत करून दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम आठवड्याचे १६८ तास अखंड चालते. यंत्राच्या वाट्याला त्यातले जेमतेम बारा तास येतात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त कृत्रिम गाळणीतून फिरते आणि सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी खर्ची पडते. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात पाणी, क्षार आणि पोटॅशियम शरीरात साठत राहते. हा खंड एरवी सुमारे ४४ तासांचा असतो. आठवड्यातून एकदा मात्र तो ६८ तासांपर्यंत लांबतो. अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण अन्य दिवसांपेक्षा अधिक आढळले होते. सहलीला सर्वांत सोयीचा काळ आणि प्रकृतीला सर्वांत जोखमीचा काळ एकच असावा, ही डायलिसिसच्या रुग्णाची मुख्य अडचण आहे.

हे उपचार तसे जुने नाहीत. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, पहिले कृत्रिम मूत्रपिंड वापरात आणले. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने त्याचा उपयोग काही दिवसांपुरताच होई. अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये हातावर कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि निकामी मूत्रपिंडे घेऊन वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले.

भारतात हा शब्द घराघरांत पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. त्यांच्यासाठी लोकवर्गणीतून डायलिसिस यंत्र घेण्यात आले. इंदिरा गांधी यांनी पाठवलेली ९० हजार रुपयांची मदत जेपींनी परत केली. राजकीय इतिहासात या घटनेचा उल्लेख येतो. पण याच माणसाने डायलिसिसच्या वेळा सांभाळत १९७७ च्या निवडणुकीत सभा घेतल्या, ही बाब रुग्णांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

पाण्याचा हिशेब

दिवसभरात होणारी लघवी आणि त्यावर साधारण अर्धा लिटर, एवढेच द्रव घ्यावे, असा ढोबळ नियम डॉक्टर सांगतात. लघवी पूर्ण थांबलेल्या रुग्णाला याचा अर्थ सकाळचा चहा, गोळ्यांबरोबरचे घोट, वाटीभर आमटी आणि ताक, इतकाच होतो. मुंबईचा कटिंग चहा येथे चैनीचा न राहता मापाचा होतो. अनुभवी रुग्ण सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत भरून ठेवतात. काही जण तांब्या-भांडे बाजूला सारून लहान पेला वापरतात. काही जण बर्फाचा खडा तोंडात विरघळू देतात, कारण तेवढेच पाणी त्या रूपात जास्त वेळ पुरते. मिठावर ताबा नसेल तर यांपैकी एकही युक्ती टिकत नाही. पापड-लोणच्याने लागलेली तहान निश्चयाने आवरत नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियमच्या’ मिठाचा पर्याय तर घेऊच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते.

पोटॅशियमचा धोका अधिक छुपा आहे. पाणी साठले तर पायांवर सूज येते, धाप लागते. पोटॅशियम मात्र फारशी सूचना न देता हृदयाचे ठोके बिघडवू शकते. अनेक रुग्णांना दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपासची मर्यादा घातली जाते. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. म्हणजे हापूसची एखादी फोड बहुतेकांच्या हिशेबात बसू शकते, वाटीभर आमरस बसत नाही. काही केंद्रांत डायलिसिसच्या पहिल्या तासात, यंत्र चालू असताना, अशी एखादी फोड खाण्याची मुभा दिली जाते. मे महिन्यात डब्यातून आलेली ती फोड शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दाखवून खाल्ली जाते. आहारतक्त्यात या गोष्टीची नोंद कुठेही नसते.

शहाळ्याचे पाणी आजाऱ्याला द्यावे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज येथे उलटा पडतो. एका शहाळ्यात सहज ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. कोकणात पाहुण्यासमोर प्रेमाने शहाळे धरले जाते, तेव्हा यजमानाला दुखावल्याशिवाय नकार देणे हे एक कौशल्यच म्हणावे लागेल. उपवासाचे ताटही असेच फसवे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, खजूर, केळे असे सारे पोटॅशियमवालेच त्यात एकत्र आलेले असतात. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. स्टारफ्रूट या नावानेही विकले जाणारे कमरक हे फळ मात्र पूर्ण वर्ज्य आहे. त्यातील विषारी द्रव्य निकामी मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करते. अर्थात प्रत्येकाची मर्यादा त्याच्या रक्ततपासणीवरून ठरते. शेजाऱ्याचे पथ्य उसने घेऊ नये.

बॅगेतील पहिली वस्तू

तीन दिवसांहून मोठ्या प्रवासात मुक्कामाच्या गावी डायलिसिस घ्यावे लागते. त्यासाठी तिथल्या केंद्राशी काही आठवडे आधी बोलून पाळी राखून ठेवावी लागते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल नसतील तर बहुतेक केंद्रे यंत्र देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णासाठी वेगळे यंत्र लागते, म्हणून त्याने तर आधीच चौकशी करावी. सोबत शेवटच्या काही डायलिसिसच्या नोंदी असाव्यात. ‘ड्राय वेट’ म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, गाळणीचा प्रकार, हेपॅरिनची मात्रा, चालू औषधे आणि कशाची अॅलर्जी आहे ते त्यात लिहिलेले हवे. रक्तवाढीची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने थंड पेटीत, पण गोठणार नाहीत अशी न्यावीत.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाल्यानंतर जिल्हा रुग्णालयांतून ही सोय वाढत गेली. त्यामुळे पूर्वी पुण्या-मुंबईबाहेर पाऊल टाकण्याची धास्ती असे, ती पुष्कळ कमी झाली आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. रेल्वेची मूत्रपिंड रुग्णांसाठीची भाडेसवलत उपचारासाठीच्या प्रवासालाच लागू आहे, सहलीला नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर दरड कोसळून गाडी अडकते, घाट बंद होतो. अशा वेळी परतीच्या दिवशी डायलिसिस ठेवणे हा जुगार ठरतो. एक दिवस आधी परतलेले बरे.

दंडातील किंवा मनगटाजवळील फिस्ट्युला, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर, ही रुग्णाची जीवनवाहिनी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगडी वा घड्याळ घालू नये, जड बॅग उचलू नये. बोट ठेवले की तिथे सतत एक थरथर जाणवते. ती चालू आहे ना, हे कित्येक जण रोज सकाळी डोळे उघडण्याआधी चाचपून पाहतात. जखम भरलेली असेल तर फिस्ट्युला असलेला रुग्ण डॉक्टरांना विचारून समुद्रात उतरू शकतो. मानेजवळ कॅथेटर असलेल्याला ते करता येत नाही. त्याने गुडघाभर पाण्यात उभे राहण्यावर समाधान मानावे.

पोटातून होणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसमध्ये केंद्राचे बंधन सुटते. दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा स्वतःच बदलायच्या असतात. पण तिथेही पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, स्वच्छ धुतलेले हात अशी शिस्त हवी आणि रोजच्या सात-आठ किलो पिशव्यांचे ओझे आलेच. गाडीच्या डिकीत एवढ्या पिशव्या मावल्या, की मुलांच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात.

मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत नाव असलेल्यांची द्विधा आणखी वेगळी. वर्षानुवर्षे न आलेला फोन नेमका आपण गावाला असताना येईल, या भीतीने काही जण शहराची हद्दच ओलांडत नाहीत. समन्वयकाला आधी कळवून, फोन सतत चालू ठेवून आणि किती तासांत परतता येईल हे सांगून जाणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे.

सोमवारी सकाळी केंद्रात पाऊल टाकताच रुग्ण प्रथम वजनकाट्यावर उभा राहतो. तंत्रज्ञ आकडा लिहून घेतो आणि शुक्रवारच्या आकड्याशी ताडून पाहतो. दोन किलो वाढ असेल तर तो काही बोलत नाही. साडेचार किलो असेल, तर कुठे गेला होतात, असे विचारतो.