हिरव्या कुडत्याचा वाद

आमचे बाबा लहानपणी दरसाल मोहरमात फकीर व्हायचे. अंगात हिरवा कुडता, गळ्यात लाल-हिरवा नाडा, खांद्याला झोळी. बार्शीटाकळीच्या गल्लीत पाच घरं मागायची, मिळालेल्या पीठगुळाचा रोट करायचा आणि तो ताबुतापुढं ठेवायचा. हे आजीकडून ऐकलेलं. नव्वदीला टेकलेली आत्या म्हणते, पाच नाही, सात घरं. बाबांना विचारलं की ते हसायचे, "मले तं फक्त गूळ आठवते."

नवस आजीचा होता. बाबांच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. कालंकादेवीची ओटी भरून झाली. (गावातलं हे देऊळ साडेआठशे वर्षांचं, शिलालेखात शके १०९८ कोरलेलं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण खांबाखांबावरच्या बाया ती दागिन्यांवरून ओळखायची, आणि कुणाच्या कमरेचा पट्टा आपल्या माहेरच्या घडणीचा आहे हेही सांगायची.) मग शेजारच्या पिंजारीचाची म्हणाल्या, "ताबूताले बोलून तं पाह्य, बाई." आजी बोलली, आणि बाबा जगले.

कुडता चाचींनीच शिवला, आजीच्या विटलेल्या हिरव्या लुगड्याचा. त्यांच्या घरात दिवसभर धुनकीचा टणत्कार चालायचा आणि कापसाची लव सगळीकडे उडायची. ती कुडत्याच्या शिवणीत अडकून बसायची. दरसाल पेटीतून काढला की आजी आधी नखानं ती लव उपटायची. रोटाची रीतही चाचींचीच. जाडसर दळलेली कणीक, गुळाचं पाणी, बडीशेप, खसखस, आणि भाजताना खाली निखारे, झाकणावरही निखारे. तूप मात्र आजी आपल्या हातानं घालायची, चाचींचा हात आखडता म्हणून.

वऱ्हाडात याचं कुणाला नवल नव्हतं. हा मुलूख १८५३ पर्यंत निजामाचा. पुढं इंग्रज आले, तरी सवाऱ्या आणि डोले राहिले, आणि डोल्याखालून लेकरू काढणाऱ्या बायाही राहिल्या. पुण्यातसुद्धा तेव्हा हिंदू ताबूत बसवत. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत दंगल झाली, आणि पुढल्या वर्षापासून टिळकांच्या पुढाकारानं सार्वजनिक गणेशोत्सवानं जोर धरला. हिंदूंनी ताबुतात जाऊ नये, असा प्रचारही सोबत आला. गंमत अशी की गणपतीपुढचे मेळे, त्यांची गाणी, वाजतगाजतची मिरवणूक यांत मोहरमचा ठसा तेव्हाच्या लोकांना स्वच्छ दिसत होता. सोडा म्हणायचं आणि घेऊनही यायचं, असं दोन्ही झालं.

आमच्या ओसरीवर ही झळ पोचायला चाळीसेक वर्षं लागली. आजोबांचे चुलतभाऊ अमरावतीला शिकलेले, केसरी वाचणारे. एका मोहरमात ते आले, बाबांना त्या वेषात पाहिलं आणि ओसरीवरच बसून राहिले. पाणीसुद्धा घेईनात. देवाधर्माचा अपमान झाला म्हणाले. आजी चुलीपासूनच बोलली, "भाऊजी, देवीले राग आला असता तं पोट्टं जगलं असतं काय? तिले नाही आला, तुमाले काहून येते?" त्यांनी पाणी घेतलं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

या चुलत आजोबांचं दैवत दादासाहेब खापर्डे. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे जिवलग. तेच खापर्डे १९११-१२ च्या हिवाळ्यात शिर्डीला राहिले, रोज मशिदीत जाऊन साईबाबांपुढं बसले आणि दिवसाचं सगळं डायरीत लिहीत गेले. आमच्या चुलत आजोबांनी एवढं पान बहुधा न वाचता उलटलं असावं.

तिकडे चाचींच्या घरीही हेच. बाहेरगावचे कोणी सांगून गेले आणि त्यांचा थोरला जावई म्हणू लागला, ताबूतबिबूत ही बिदत आहे, धर्माबाहेरची नवी चाल, वरून हिंदूंची पोरं फकीर कशाला करता? चाची तोवर बहिऱ्या झाल्या होत्या. आजी म्हणायची, जावई आला म्हणजे जास्तच.

परवा पुण्याहून नात आली. तिला ही गोष्ट सांगितली तर तिनं भुवया चढवल्या. "आजोबा, हे कल्चरल अॅप्रोप्रिएशन झालं. त्यांच्या भावनांचं काय?" एका कुडत्याचा पूर्वी हिंदूंच्या वतीनं राग येत होता, आता मुसलमानांच्या वतीनं. तिनं दाखला दिला प्राडाचा. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी वहाणा आल्या, नाव कोल्हापूरचं नाही, किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या. तो राग मलाही पटला होता. चामडं कमावून ज्यांच्या बोटांना भेगा पडल्या त्यांचं नाव गाळून माल विकायचा, हा पोटावरचाच पाय. पण उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेले ते वकील. जुलैत न्यायालयानं त्यांना विचारलं, तुमचा यात संबंध काय? २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे, दाद त्यांनी मागावी. याचिका फेटाळली.

"आणि कुडता तर चाचींनी शिवून दिला होता," मी म्हटलं. नातीचं समाधान होईना. मग चाचींच्या नातवालाच फोन लावला. त्याचं अकोल्यात गाद्यांचं दुकान आहे. तिनं फार जपून विचारलं, की तुम्हाला किंवा घरच्यांना या गोष्टीचा कधी राग आला का?

"राग तं हाये," तो म्हणाला. नात सावरून बसली. "दादी मरेस्तोवर सांगे. नवस पोरगा बारा वर्साचा होईस्तोवरचा होता, अन् शेवटच्या सालचा रोट तुमच्या घरून आलाच नाही. घरी सुतक होतं म्हणे. मंग दुसऱ्या साली तं आणाचा होता!"

आत्याला कळवलं तर ती भडकलीच. सुतक त्यांच्याकडे होतं, आमच्याकडे नव्हतं, आणि रोट तिनं स्वतः डोक्यावर नेला होता. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल, पण हे तिला कोण सांगणार! नात म्हणते, वाद नको, येत्या मोहरमात करून देऊन टाकू. चाचींचा नातू म्हणतो आणा, फक्त तूप तुमच्या आजीच्या हिशोबानं घाला.