हिरडीआडचा पडदा

माझ्या अब्बांचे पुढचे दात पन्नाशीतच गेले. तेव्हा आमच्या मोमिनपुऱ्यात दात हलला की उपाय एकच, उपटून टाका. लोक म्हणत, 'पायोरिया.' दात किडलेले नव्हतेच; त्यांना धरणारं जबड्याचं हाड हिरडीच्या आजारानं झिजलं होतं. पुढे अब्बांचे त, थ, द, ध घसरू लागले आणि माझ्या कविता मोठ्यानं वाचणं त्यांनी सोडलं.

गेलेलं हाड पुन्हा का येत नाही? टोरांटोच्या मेल्चर यांनी १९७६ साली याचं उत्तर मांडलं. शस्त्रक्रियेनंतर मुळापाशी ज्या पेशी आधी पोचतील, त्यांचीच तिथं वस्ती. हिरडीची त्वचा चपळ. हाड आणि दाताला बांधणारे तंतू संथ. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्वचा जागा अडवते.

मग तिलाच अडवलं तर? १९८२ साली निमन, लिंडे, कॅरिंग या स्कँडिनेव्हियन मंडळींनी एका रुग्णाच्या खालच्या दातापाशी, हिरडीआड, प्रयोगशाळेतल्या गाळणीचा पातळ पडदा बसवला. तीन महिन्यांनी मुळाला नवे तंतू धरलेले दिसले. गंमत अशी, की ते पाहण्यासाठी तो दात काढावाच लागला!

नंतर आपोआप विरघळणारे पडदे आले, हाडाची भुकटी आली. महागडं प्रकरण. २००१ साली फ्रान्सच्या शुक्रून यांनी रुग्णाचंच रक्त नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवलं आणि जमलेला घट्ट थर जखमेत वापरला. बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की असा थर घातलेल्या खड्ड्यात नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा हाड जास्त भरतं. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. औषध रुग्णाच्याच दंडातलं.

पण खड्डा विहिरीसारखा अरुंद हवा, बाजूला हाडाच्या भिंती हव्यात. हाड सगळीकडून सपाट झिजलं असेल, तर या उपायांचा फारसा उपयोग नाही.

माझा दात हलला तेव्हा मी मेडिकलच्या आवारातल्या, १९६८ साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं पहिला प्रश्न विचारला, "काका, खर्रा खाता?" नागपूरकराला दुसरं काय विचारणार! तंबाखूनं जखम नीट भरत नाही. आधी खर्रा बंद, मग कीटण काढणं, मग बाकीचं. एक्स-रे उजेडासमोर धरून ती म्हणाली, "भिंती शाबूत आहेत."

अब्बांच्या जबड्याचा एक्स-रे कुणी काढलाच नव्हता.