त्सुनामीला साक्षीदार किती?

आमच्या असोद्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही विहीर खोदताना पाहिलेल्या खानदेशी माणसाला ही गोष्ट समजायला जड जाणार नाही. वर काळी माती, खाली पिवळी, मध्येच वाळूगोट्यांचा एखादा थर. जाणता माणूस त्या थराकडे बोट दाखवून सांगतो, इथून कधीकाळी पाणी वाहिले आहे. कधी, ते मात्र त्याला सांगता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीला संशोधकांपुढे नेमका हाच पेच आहे.

२६ डिसेंबर २००४ नंतर त्सुनामी हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. आपल्या पश्चिम किनाऱ्याला ही लाट नवी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे पाच तासांनी मुंबईत पाणी चढले. पंधरा जण वाहून गेल्याचे सांगितले जाते. लाट दोन मीटरची होती असे वर्णन आहे. बंदरातल्या भरतीमापक यंत्राने नोंदवलेली लाट मात्र बरीच लहान. ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीत एवढी तफावत, तर पाचशे वर्षांपूर्वीचे काय?

सप्टेंबर १५२४. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. दाभोळच्या आसपास, वारा पडलेला असताना, त्याची जहाजे एकाएकी थरथरू लागली. खलाशांना वाटले, तळ खडकाला लागला. समुद्रच आपल्या भयाने कापतो आहे, असे सांगून द गामाने त्यांना धीर दिला, असे पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. कवी म्हणून मला ही कल्पना आवडते. साक्ष म्हणून ती अपुरी आहे. खोल पाण्यात त्सुनामीची लाट जहाजाला जाणवतही नाही. जाणवतो तो तळाखालचा भूकंप. म्हणजे कागद हादऱ्याची साक्ष देतो, लाटेची नाही.

लाटेची साक्ष वाळूने द्यायची. केळशी अनेकांना याकूबबाबांच्या दर्ग्यामुळे ठाऊक असते. तिथल्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी केला आणि त्सुनामीची शक्यता मांडली. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या समुद्री वाळूच्या थराचा काळ १५०८ ते १६८१ असा काढला. २०२१ च्या त्यांच्या निबंधात या लाटेला ‘पोरकी त्सुनामी’ म्हटले आहे, कारण तिला जन्म देणारा भूकंप निश्चित सापडत नाही. संशय मकरानवर आहे.

या काळात १५२४ बसते, हे खरे. पण बाकीची पावणेदोनशे वर्षेही बसतात! शिवाय चक्रीवादळही वाळू आत फेकते. १७३७ साली कलकत्त्यात भूकंपाने तीन लाख माणसे मेल्याचे कित्येक वर्षे ग्रंथांत छापले जात होते. रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ मध्ये जुने कागद तपासून दाखवले, की ते वादळ होते आणि तेवढी वस्ती त्या शहरात नव्हतीच.

जपानला असेच कोडे सुटले. जानेवारी १७०० मध्ये तिथे भूकंप न जाणवताच लाट आली होती. तिची नोंद तारखेसह जपली गेली. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर जमीन खचून मेलेल्या देवदारांची वर्षवलये मोजली, तेव्हा ती झाडे १६९९ च्या वाढीच्या हंगामानंतर वाढलीच नव्हती, असे दिसले. कागद आणि झाड एकाच हंगामावर येऊन भेटले.

केळशीला असा दुसरा साक्षीदार हवा: आणखी एखाद्या गावचा तोच थर. हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. १५२४ ची लाट खरोखर मकरानहून आली असेल, तर तो भूकंप १९४५ पेक्षा मोठा असणार आणि मुंबईपासून खाली वसलेल्या बंदरांचा हिशेब नव्याने मांडावा लागणार. पण वाळू दप्तरखान्यात ठेवता येत नाही. रस्ता, पूल, बंगला, कशासाठीही ती उपसली जाते. कोकणात खाडीकाठी पाया किंवा विहीर खोदताना मातीखाली शिंपल्यांच्या चुऱ्याचा थर लागला, तर तो उपसण्याआधी निदान एक फोटो काढावा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना निरोप द्यावा.