चिंध्यांची श्रीमंती

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून हल्ली जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, वापरलेल्या कापडांच्या उशा-गाद्यांच्या खोळी आणि जुन्या वाड्यांच्या दारांपासून घडवलेली मेजे मोठ्या दिमाखाने मांडलेली दिसतात. ‘पर्यावरणस्नेही’ आणि ‘पुनर्वापर’ हे शब्द त्यांच्या चिठ्ठीवर छापलेले असतात आणि शब्दांच्या खाली किंमतही असते. ती वाचून आपल्या आजीने कपाळाला हात लावला असता. तिच्या दृष्टीने जुन्याचे नवे करणे ही आवड नव्हती, व्रतही नव्हते; तो संसार होता.

आपल्या भाषेनेच याची साक्ष जपून ठेवली आहे. लुगडे मध्येच विरले की तो भाग काढून दोन्ही धड तुकडे जोडायचे, याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेलेही फाटले की ते ‘जुनेर’ झाले. जुनेरांचे थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने शिवून, त्याची ‘वाकळ’ किंवा ‘गोधडी’ झाली. गोधडी जीर्ण झाली की बाळाचे दुपटे आणि दुपटे झिजले की चुलीवरचे भांडे उतरवण्याचे फडके. वस्त्राच्या या लांबलचक आयुष्याला ज्या समाजाने इतकी नावे दिली, त्याला काटकसर कोणी शिकवायची गरज नव्हती. प्रभू येशूनेही जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, ते आकसून फाट वाढवते, असा दाखला दिला आहे. ज्याने घरात ठिगळ लावणारे हात पाहिले आहेत, त्यालाच असा दाखला सुचावा.

परंतु ठिगळांच्या या कलेचा एक इतिहास असा आहे, जो आपल्या शेजारी घडला आणि तरीही आपल्याला फारसा ठाऊक नाही. आज तो वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आहे.

‘सिद्दी’ म्हटले की मराठी माणसाला जंजिरा आठवतो. थोडा अधिक इतिहास वाचलेल्याला मलिक अंबर आठवतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा मुत्सद्दी अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला आणि त्याने १६१० साली वसवलेले खडकी हेच पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण जे सेनापती झाले नाहीत, ज्यांच्या नावाने किल्ले नाहीत, अशा हजारो सिद्दींचे काय झाले? त्यांचे वंशज आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांच्या रानवस्त्यांत राहतात. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत आणि हिंदूही आहेत. त्यांची बोली कोकणीच्या वळणाची असून तीत मराठी आणि कानडी मिसळलेली आहे.

यांतील पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून आले. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले. त्या किनाऱ्यावरून येणाऱ्या जहाजांत हस्तिदंत असे, सोने असे आणि माणसेही असत. यान ह्यूखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. तेथील रस्त्यावर घोडे, दागिने आणि गालिचे यांच्याबरोबर गुलामांचाही लिलाव कसा होई, हे त्याने लिहून ठेवले आहे. हा लिन्शोटेन कोणी परका टीकाकार नव्हता. तो गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस होता.

येथे एका धर्मगुरूने लेखणी आवरती घ्यावी, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत गुलाम होते आणि मठांतही होते. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने गुलामगिरीचा विचार केला, तो कोणत्या कारणाने गुलाम बाळगणे न्याय्य ठरते, अशा अंगाने. ती मुळातच अन्याय्य आहे, असे तिने म्हटले नाही. सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला आणि तेरावे लिओ यांनी १८८८ साली गुलामगिरीविरुद्ध परिपत्रक काढले. पोर्तुगालने आपल्या सर्व वसाहतींत ती १८६९ साली रद्द केली. त्याआधी कित्येक जण गोव्यातून घाटावरच्या अरण्यात पळून गेले होते. ज्यांनी त्यांना साखळ्या घातल्या, त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेले हे लोक साखळ्या टाकून पळाले. क्रूस मात्र त्यांनी टाकला नाही. या गोष्टीपुढे आपण काही क्षण तरी मुकाट उभे राहिले पाहिजे.

रानात त्यांच्यापाशी काय होते? परक्याची शेती, जळाऊ लाकूड, मध आणि अंगावरचे कपडे. ते कपडे विरले की त्यांतून सिद्दी स्त्रिया जे शिवतात, ते म्हणजे ‘कवंदी’. आपल्या गोधडीची ही बहीण, पण तिची रीत वेगळी. आपण थर अंथरून टाके घालतो. सिद्दी स्त्री जुने लुगडे तळाला पसरते आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने चिंध्या दुमडून शिवत जाते. एक फेरी झाली की तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. अशी ती हळूहळू मध्याशी येऊन थांबते. कागदावर आराखडा नसतो आणि मापाची पट्टीही नसते. लाल तुकड्याशेजारी पिवळा यावा की निळा, हे हाताला तेव्हाच सुचते. ठळक दोऱ्याचे समांतर टाके साऱ्या कापडावर लाटांसारखे पसरतात आणि वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या अंगांवरच्या चिंध्यांना एकत्र बांधतात.

शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात. त्यांना ‘फूल’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी दिसते, असे त्या स्त्रिया मानतात. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ऊब फुलाने वाढत नाही. गरज तर त्याआधीच भागलेली असते. तरीही त्या गरीब घरातली आई बाळाच्या कवंदीला फूल लावल्याशिवाय सुई खाली ठेवत नाही. गरिबाला केवळ उपयोग कळतो, सौंदर्य कळत नाही, असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. ख्रिस्ती सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत अनेकदा क्रूस दिसतो, मुसलमान स्त्रियांच्या कवंदीत चंद्रकोर दिसते. शिवण्याची रीत मात्र सर्वांची एकच.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील अलाबामा राज्यात, असाच दुसरा इतिहास घडला. नदीच्या वळणात वसलेल्या जीज् बेंड या गावी कापसाच्या मळ्यातील गुलामांच्या लेकी-सुनांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. १९४२ साली मिसुरी पेटवे या विधवेने आपल्या दिवंगत पतीचे शेतातले कपडे उसवून गोधडी केली, ती त्याच्या आठवणीत, त्याच्या मायेखाली निजण्यासाठी. तेथील कृष्णवर्णीय लोक मतदारयादीत नाव नोंदवायला नदीपार जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली तरच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली. त्या परिसरात फिरताना फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूंना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या आणि त्यांच्या साहाय्याने १९६६ साली स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. कवंदी आणि या गोधड्या यांच्यात थेट नाते आहे, असा माझा दावा नाही. परंतु दोन्हीकडे ज्यांची किंमत बाजारात ठरवली गेली, त्यांच्याच लेकींनी टाकलेल्या चिंधीची किंमत जगाला शिकवली, एवढे मात्र खरे.

कवंदीकडेही अखेर जगाचे लक्ष गेले. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने २००४ साली सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था सुरू झाली आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. त्याआधी, २००३ साली, कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला होता. हे सारे आनंदाचे आहे. पण दुकानातील चिठ्ठीवर ‘पुनर्वापर’ लिहिलेले असते. शिवणारणीचे नाव आणि तिच्या हाती पडलेली मजुरी मात्र लिहिलेली नसते. वस्तू टाकाऊ नाही, हे आपण शिकलो. ती करणारी व्यक्ती टाकाऊ नाही, हे शिकणे अद्याप बाकी आहे.

हे मी उपदेशाच्या सुरात लिहीत नाही, कारण मला तो अधिकार नाही. मी सेमिनरीत गेलो तेव्हा आईने स्वतः शिवलेली गोधडी माझ्या ट्रंकेत घातली होती. इतर मुलांपाशी गिरणीच्या नव्या चादरी आणि ब्लँकेटे होती. मला लाज वाटली. ती गोधडी मी ट्रंकेच्या तळाशी दडपली आणि पुढे एका सुट्टीत घरी नेऊन टाकली. आई काही बोलली नाही. पुढच्या खेपेला ती गोधडी मला उंबऱ्यापाशी पाय पुसायला घातलेली दिसली. तिच्यात माझ्या दिवंगत वडिलांचा सदरा होता, हे मला तिच्या मृत्यूनंतर मावशीकडून कळले.

पाच हजारांना भोजन दिल्यावर उरलेले तुकडेही वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला प्रभूने शिष्यांना सांगितले. बारा टोपल्या भरल्या. त्या तुकड्यांचे मोल प्रभूला कळले, आईला कळले आणि रानातल्या सिद्दी स्त्रीला कळले. वाचकहो, तुमच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, अशी एखादी वाकळ पडली असेल. ती खाली काढा, उन्हात घाला आणि घरातील थोरांना विचारा की हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा. ते सांगायला आहेत, तोवरच विचारा.