बिनआरशाच्या कॅमेऱ्याची चढाओढ

गेल्या काही वर्षांच्या लग्नसराईत एक बदल आपल्या नजरेस आला असेल. पूर्वी मांडवात फोटो काढणारा निराळा आणि व्हिडिओ घेणारा निराळा असे. एकाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या खांद्यावर ते मोठे धूड, आणि त्याच्या मागे दिवा उंच धरून वायर सावरीत चालणारा एक पोऱ्या. आता तो पोऱ्या दिसत नाही आणि खांद्यावरचे धूडही दिसत नाही. दोन हातांत मावेल एवढे एक यंत्र घेऊन एकच माणूस उभा असतो. अंतरपाट धरलेला असताना तो फोटो काढतो आणि अक्षता पडू लागल्या की त्याच यंत्रावर चलचित्र घेतो. हे दुहेरी यंत्र आले कोठून, आणि ते करणाऱ्या कंपन्यांनी एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी काय काय केले, त्याची हकिगत आज आपल्याला सांगायची आहे.

आधी आरशाची गोष्ट. शिक्षक मंडळींपैकी कुणापाशी फिल्मचा जुना एसएलआर कॅमेरा पडून असेल, तर त्याचे भिंग काढून वर्गातल्या मुलांना आत डोकावू द्या. समोर तिरपा बसवलेला एक छोटा आरसा दिसेल. भिंगातून आलेला प्रकाश ह्या आरशावर आपटून वर जातो आणि वरच्या काचेतून वळून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा खट्‌कन वर उडतो, मागची फिल्म उघडी पडते, चित्र उमटते, आणि आरसा पुन्हा खाली येतो. ह्या एवढ्याशा आरशावर जपानच्या कॅनन आणि निकॉन ह्या दोन कंपन्यांनी पन्नासएक वर्षे राज्य केले म्हणा ना! फिल्म गेली, तिच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला, तरी आरसा होता तिथेच राहिला.

पण चलचित्राला हा आरसा म्हणजे अडचणच. चलचित्र म्हणजे दर सेकंदाला २४, २५ किंवा ३० चित्रे. आरशाने सेकंदाला तितक्यांदा फडफड करावी कशी? त्याने वरच चिकटून राहावयाचे. आणि तो वर राहिला की डोळ्यापुढची काच काळीठिक्कर. म्हणजे ज्याच्यासाठी आरसा ठेवला, तेच काम चलचित्र घेताना त्याला करता येत नाही.

तरीही सुरुवात आरशाच्याच कॅमेऱ्यापासून झाली. २००८ सालच्या ऑगस्टमध्ये निकॉनने डी-९० हा कॅमेरा जाहीर केला. चलचित्र घेणारा हा पहिला एसएलआर. एका वेळी पाच मिनिटांचे उत्तम प्रतीचे चलचित्र तो घेई. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू आणला, आणि खरी खळबळ उडाली ती ह्या कॅमेऱ्याने. बातमीदार छायाचित्रकारांना फोटोबरोबर थोडे चलचित्रही हवे असते, तेवढी सोय करावी, इतकाच कॅननचा हेतू होता. पण न्यूयॉर्कचे छायाचित्रकार व्हिन्सेंट लाफोरे यांनी तो कॅमेरा बाजारात येण्यापूर्वी शनिवार-रविवारपुरता मागून घेतला आणि रात्रीच्या न्यूयॉर्कवर 'रेव्हरी' नावाचा एक छोटा चित्रपट करून टाकला. तो पाहून चित्रपटवाले चकित झाले.

चकित होण्याचे कारण असे. त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातला सेन्सर बोटाच्या नखाएवढा असे. कॅननच्या ह्या कॅमेऱ्यातला होता जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच. एवढ्या मोठ्या सेन्सरपुढे मोठे भिंग लावले की नवरीचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि मागची गर्दी धुक्यात विरघळल्यासारखी होते. असे चित्र तोवर महागड्या सिनेकॅमेऱ्यांनाच साधत असे. ह्या कॅमेऱ्याची अमेरिकेतली किंमत होती २,६९९ डॉलर.

मात्र त्यात खोटही होती. तो सेकंदाला ३० चित्रे घेई. चित्रपटाची रीत २४ चित्रांची. शिवाय उजेड कमीजास्त करण्याचा ताबा कॅमेरा स्वतःकडेच ठेवी. गिऱ्हाइकांनी ओरड केली तेव्हा २००९ च्या जूनमध्ये कंपनीने तो ताबा माणसाच्या हाती दिला, आणि २०१० च्या मार्चमध्ये २४ चित्रांची सोय केली. यंत्र तेच, फक्त आतली आज्ञावली बदललेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे. त्याच वर्षी मे महिन्यात दाखवला गेलेला 'हाऊस' ह्या गाजलेल्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतला हंगामाचा शेवटचा भाग ह्याच कॅमेऱ्याने चित्रित झाला होता.

आता गंमत पाहा. ज्या सप्टेंबर महिन्यात कॅननने हा बार उडवला, त्याच महिन्यात पॅनासॉनिकने जी-१ नावाचा एक साधासा दिसणारा कॅमेरा जाहीर केला. त्याने आरसाच काढून टाकला होता. सेन्सरवर जे पडते ते सरळ एका चिमुकल्या पडद्यावर दाखवायचे, आणि तो पडदा डोळ्याला लावायचा. जी-१ ला चलचित्र घेता येत नव्हते, पण २००९ च्या जीएच-१ ला येत होते, आणि तेही डोळा काचेला लावून. पॅनासॉनिक ही मुळात रेडिओ-दूरचित्रवाणी करणारी कंपनी. आरशाच्या राज्यात तिची जहागीर नव्हती, म्हणून आरसा मोडताना तिचा हात अडला नाही. कॅनन आणि निकॉन ह्यांचे सगळे वैभव आरशावर उभे. घरचा जुना वाडा पाडायला कोण सहजासहजी तयार होतो?

कॅननचे पाऊल आणखी एका कारणाने अडले. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये हॉलीवुडमध्ये मोठा समारंभ करून तिने सी-३०० हा खास चित्रपटांसाठीचा कॅमेरा आणला. त्याची जाहीर किंमत वीस हजार डॉलर. आता स्वस्तातल्या कॅमेऱ्यालाच सगळे गुण दिले तर हा महागडा घेणार कोण? कंपनीने तसे कधी बोलून दाखवले नाही, पण पुढची काही वर्षे तिचे छोटे कॅमेरे चलचित्राच्या बाबतीत हात आखडूनच होते. २०१३ साली 'मॅजिक लँटर्न' ह्या नावाने काम करणाऱ्या काही हौशी स्वयंसेवकांनी ५डी मार्क थ्रीची आज्ञावली उलगडून त्याच यंत्रातून कितीतरी सरस चलचित्र काढून दाखवले. अंगात बळ होते, दावे बांधलेले होते, एवढे त्यावरून लोकांना कळले. माझ्या मते कॅननने लोकांचा विश्वास गमावला तो इथे. आपल्याकडचे चांगले द्यायचे राखून ठेवले, ही गोष्ट गिऱ्हाईक लवकर विसरत नाही.

मोकळ्या राहिलेल्या शेतात मग दुसऱ्यांनी नांगर घातला. २०१४ साली पॅनासॉनिकने जीएच-४ आणला. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत 'फोर-के' चलचित्र स्वतःच्या पोटात साठवणारा तो पहिला. हे 'के' काय प्रकरण आहे? चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. पूर्वीच्या चांगल्या चित्रात सुमारे २० लाख ७० हजार ठिपके असत, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख आणि एट-केमध्ये सुमारे ३ कोटी ३२ लाख. एवढे ठिपके सेकंदाला २५-३० वेळा मोजायचे, लिहायचे आणि जागेवर ठेवायचे! त्याच वर्षी सोनीने ए-७एस काढला. त्याने उलटीच वाट धरली. ठिपके थोडे, फक्त सव्वा कोटीच्या आसपास, पण प्रत्येक ठिपका ऐसपैस. त्यामुळे तो अंधारात पाहू लागला. दिवटीच्या उजेडातला गोंधळ किंवा देवळातली काकडआरती वेगळा दिवा न लावता टिपता यावी, असा. फक्त त्याला फोर-के स्वतःपाशी ठेवता येत नसे, बाहेर एक डबा जोडावा लागे. ती उणीव पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत भरून निघाली.

ही धावाधाव कशासाठी, असे आपण विचाराल. उत्तर आपल्या खिशात आहे. मोबाईलने साध्या कॅमेऱ्याचा बाजार गिळला. २०१० साली जगात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली ते ९० लाखांच्या आत आले. ज्यांना नुसता फोटो हवा होता ते सगळे गेले. उरले ते कॅमेऱ्यावर पोट भरणारे आणि नादिष्ट. ह्या उरलेल्यांना मोबाईल देणार नाही असे काहीतरी द्यावयाचे, आणि ते म्हणजे चलचित्र. म्हणूनच २०१८ साली निकॉननेही झेड-६ आणि झेड-७ आणले, कॅननने ईओएस आर आणला, आणि दोघींनी मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातला आरसा काढला. दहा वर्षे उशीर झाला होता.

उशीर भरून काढायला निघालेला माणूस एकदम लांब उडी मारतो. कॅननने तेच केले. २०२० च्या जुलैमध्ये तिचा आर-५ आला, तो थेट एट-के घेऊन. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात तोवर कुणी एट-के दिले नव्हते. पण सेकंदाला एवढे ठिपके मोजताना यंत्र तापते, आणि तापले की बंद पडते. कंपनीनेच सांगितले होते की हवा २३ अंश असताना एट-के सुमारे २० मिनिटे चालेल. तेवीस अंश! विदर्भातल्या वैशाखातल्या मांडवात तेवीस अंश कोण आणून देणार? त्याच महिन्याच्या अखेरीस सोनीने ए-७एस तिसरा जाहीर केला. त्यात एट-के नव्हतेच, साधे फोर-केच, पण सेकंदाला १२० चित्रांपर्यंत, आणि तासभर न थांबता घेता येईल अशी बांधणी. पॅनासॉनिकने तर २०१९ सालीच एस-१एच ह्या कॅमेऱ्यात सरळ एक पंखा बसवला होता. कॅनन पंख्यावर आली २०२२ साली, आर-५ सी ह्या कॅमेऱ्यात.

आता एक प्रश्न उरतो. बरेचसे कॅमेरे नेमके २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की थांबत, ते का? प्रत्येक वेळी उष्णतेपायी नव्हे, तर कायद्यापायी. युरोपात जकातीच्या हिशेबात, ठरावीक प्रतीचे चलचित्र सलग ३० मिनिटे घेणारे यंत्र म्हणजे व्हिडिओ कॅमेरा, आणि त्याला कर जादा. म्हणून एक सेकंद आधीच थांबायचे! मुलगा बारा वर्षांचा झाला तरी अर्ध्या तिकिटासाठी साडेअकराचाच सांगणाऱ्या बापाची ही युक्ती. आपल्या देशातही तीच मोजपट्टी आली. २०१२ च्या मार्चमध्ये सरकारने आयातकराच्या सवलतीला खुलासा जोडला: ८०० गुणिले ६०० ठिपके, सेकंदाला २३ चित्रे आणि सलग ३० मिनिटे, इतके ज्याला जमते तो सवलतीचा कॅमेरा नव्हे. त्यावरून कॅनन, निकॉन, सोनी ह्यांच्या भारतीय शाखांना नोटिसा गेल्या, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तिथे वाद रंगला तो कॅमेऱ्यावर नव्हे, नोटीस काढण्याचा अधिकार कुणाचा ह्यावर. मार्च २०२१ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेरविचार होऊन न्यायालयाने महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांचा अधिकार मान्य केला. युरोपातला जादा कर २०१९ च्या सुमारास संपला, आणि नवे कॅमेरे तासन्‌तास चालू लागले.

शेवटची चकमक निकॉनची. चलचित्र दोन तऱ्हांनी साठवता येते. एक तयार करून, म्हणजे दुधाचे दही लावून. दुसरे कच्चे, म्हणजे दूधच ठेवायचे. मागाहून दही लावा, खवा आटवा, तुमची मर्जी. मात्र कच्चा माल फार जागा खातो, तो दाबून साठवावा लागतो, आणि कॅमेऱ्याच्या पोटात तसे दाबण्याच्या रीतीचे पेटंट अमेरिकेतल्या रेड ह्या कंपनीकडे होते. निकॉनने २०२२ च्या एप्रिलमध्ये झेड-९ ला नवी आज्ञावली देऊन तीच सोय केली. लगेच मे महिन्यात रेडने फिर्याद ठोकली. २०२३ च्या एप्रिलमध्ये दोघांनी खटला मिटवला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये निकॉनने जाहीर केले की आपण रेड कंपनीच विकत घेत आहोत. खटल्यातला वादी विकत घेण्याचा हा प्रकार आपल्या तालुक्याच्या कोर्टात कुणाला सुचला नसता! २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रेडचे नाव अंगावर मिरवणारा निकॉनचा झेड-आर हा छोटा कॅमेराही जाहीर झाला.

२००८ साली शनिवार-रविवारपुरता मागून घेतलेल्या कॅमेऱ्यापासून हे सुरू झाले. २०२३ साली 'द क्रिएटर' हा सुमारे आठ कोटी डॉलर खर्चाचा अमेरिकन चित्रपट मुख्यतः सोनीच्या एफएक्स-३ ह्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. अमेरिकेत त्या कॅमेऱ्याची किंमत होती सुमारे ३,९०० डॉलर. एखाद्या तालुक्याच्या गावातला लग्नाचे काम घेणारा तरुण कर्ज काढून जे यंत्र घेतो, ते जवळपास त्याच जातकुळीचे असते. तुमच्यापैकी कुणी ते घेणार असेल, तर दुकानदाराला 'के' किती हे विचारू नका. मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात हे सलग किती वेळ चालते ते विचारा. आणि जमल्यास दुकानाचा पंखा बंद करायला लावून समोरच चालवून घ्या.