तळटीप : पार्श्वाभ्युदय

१. पार्श्वाभ्युदय : राष्ट्रकूट काळातील (इ. स. ९ वे शतक) जैन आचार्य जिनसेन यांचे संस्कृत काव्य. कालिदासाच्या ‘मेघदूता’चे चरण सुटे करायचे, आपल्या दर श्लोकात त्यांतला एक किंवा दोन गुंफायचे, उरलेले स्वतः रचायचे, अशी ही पादपूर्ती. वृत्त अर्थातच मंदाक्रांता. गंमत अशी, की यक्षाच्या विरहाचे शब्द इथे तीर्थंकर पार्श्वनाथांच्या छळाच्या कथेत जाऊन बसले आहेत. सगळीकडे ते सहज बसले आहेत असे मात्र म्हणवत नाही. अधूनमधून टाके दिसतात. रोमन कवींनी तर पदरचे जवळपास काहीच न घालता व्हर्जिलच्या ओळींवरच नवी काव्ये रचली. त्या प्रकाराला लॅटिनमध्ये ‘सेंटो’ म्हणत, म्हणजे ठिगळांचे कापड, आपली वाकळच. चौथ्या शतकातल्या ऑसोनियसला सलग दोन ओळी उचलणेही कच्चेपणाचे वाटे. जिनसेनांच्या उसनवारीचा एक अनपेक्षित लाभ असा, की अख्खे ‘मेघदूत’ एका जुन्या पाठात टिकून राहिले. प्रक्षिप्त श्लोक कोणते, हे ठरवताना संपादक त्याचा आधार घेतात. काशिनाथ बापू पाठक यांची ‘मेघदूता’ची आवृत्ती (दुसरी, पुणे, १९१६) याच पाठावर उभी आहे.