हजरुल यहूद: मूतखड्याच्या गोळीतला दगड

हजरुल यहूद हा बोराएवढा, राखाडी रंगाचा दगड. एका टोकाला देठासारखा बारीक भाग आणि अंगावर उभ्या, दाणेदार रेघा. बोरासारख्या आकारामुळेच त्याला बेरपत्थर म्हणतात. संस्कृत नाव बदराश्म. फोडला की आतली सपाट बाजू चकाकते, कारण तो कॅल्साइटचा स्फटिक असतो. खरे तर हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या सी अर्चिन या प्राण्याचा अश्मीभूत काटा.

अरबी नावाचा अर्थ 'यहुद्यांचा दगड'. तो यहुद्यांच्या ज्यूडिया प्रदेशात सापडे, म्हणून हे नाव. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने त्याची कृती लिहून ठेवली आहे: हरभऱ्याएवढा भाग सहाणेवर उगाळून गरम पाण्यातून द्यावा, लघवी अडली असता आणि मूत्राशयातील खड्यावर. पुढे गॅलनने मूत्राशयाच्या खड्यावर त्याचा गुण येत नसल्याचे नोंदवले, मात्र मूत्रपिंडाच्या खड्यासाठी तो उपयुक्त मानला. ग्रीकांकडून हे ज्ञान अरबी वैद्यकात आणि तिथून युनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आले.

आपल्याकडचे नांदेड आणि लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तिथे युनानीला राजाश्रय होता, त्यामुळे हकिमाचे औषध या भागाला परके नव्हते. इथला उन्हाळा कडक. रानात दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि त्यातले क्षार खडे धरतात. कमरेतून उठून जांघेत उतरणारी ती कळ माणसाला गडाबडा लोळायला लावते. त्यावर घरोघरी हुलग्याचे कढण, सराट्याचा काढा. वैद्याकडे पाषाणभेद आणि मुळ्याच्या रसात घोटून केलेले या दगडाचे भस्म.

तेच भस्म पुढे कारखान्यात तयार होणाऱ्या गोळ्यांत गेले. हिमालय कंपनीच्या सिस्टोनमध्ये ते आहे. अशा औषधांना दुकानदार 'पेटंट' म्हणतात, पण इथे पेटंटचा अर्थ गुप्त शोध नव्हे. घटक मान्य ग्रंथांतले आणि मिश्रण कंपनीचे, एवढाच कायद्यातला अर्थ.

गुणाचे श्रेय मात्र तपासून द्यावे लागते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा भरपूर पाण्याने आपोआप पडतात, आणि त्या आठवड्यात जी गोळी चालू असेल तिचे नाव होते. कळ थांबली म्हणजे खडा गेलाच असेही नाही. वाट अडवून बसलेला खडा मूत्रपिंड मुकाट्याने निकामी करू शकतो. सोनोग्राफीसारख्या तपासणीशिवाय ते कळत नाही. १९५४ च्या औषधी व जादूई उपचार कायद्याने मूतखडा बरा करण्याच्या जाहिरातीवरच बंदी घातली. विक्रीवर ती बंदी नाही.